इंग्रजीतला 'रन': अर्थ कसा ओळखायचा, कुठे कसा वापरायचा

'रन' या शब्दाचे अर्थ पाठ करायला बसू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा त्यातली सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागं टाकलं. २०११ साली बातमी आली की नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले आणि ते लावायला पीटर गिलिव्हर या कोशकाराचे नऊ महिने गेले. एवढे अर्थ कोणीच पाठ करत नाही, इंग्रजी मातृभाषा असलेलेही नाही. ते वाक्यावरून अर्थ ओळखतात, आणि तसं ओळखायची रीत शिकता येते. मराठी माणसाला ती लवकर जमते, कारण आपल्याकडे 'चालणे' हे क्रियापद आहे. त्याचा पसारा 'रन'च्या तोडीचा आहे.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नागपूरची मुलं आहेत: मराठी माध्यमात शिकून मिहानमध्ये, म्हणजे शहराजवळच्या आयटी-उद्योग वसाहतीत, मुलाखतीला जाणारी, अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, इतवारीत घरचं दुकान सांभाळणारी. वही जवळ ठेवा आणि पायरी पायरीने चला.

आधी, जे तुम्हाला येतंच

घराला रेलिंग लावायचं असलं की फॅब्रिकेटर भाव 'रनिंग फुटा'ने सांगतो. म्हणजे उंची बाजूला ठेवून सलग लांबी मोजायची. ठेकेदाराकडे 'रनिंग बिल' असतं: काम चालू असतानाच, झालेल्या कामापुरतं काढलेलं बिल. काम संपल्यावर निघतं ते 'फायनल बिल'. जुनी मोटारसायकल विकणारा 'रनिंग कंडिशन' म्हणतो. अजनीच्या रेल्वे कॉलनीत कोणालाही विचारा, 'रनिंग स्टाफ' म्हणजे गाडीवर जाणारे लोक, लोको पायलट, गार्ड वगैरे (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात). त्यांनी बाहेरगावी ड्युटी संपल्यावर जिथे आराम करायचा ती 'रनिंग रूम'. त्यांचा 'रनिंग अलाउन्स' किती किलोमीटर गाडी चालवली त्यावर ठरतो.

यातल्या एकाही ठिकाणी कोणी पायांनी धावत नाही. सलग असणं, चालू असणं, मार्गावर असणं, एवढंच या सगळ्यांत सारखं आहे. 'रन'चा गाभा तोच. पायांनी धावणं हा त्याचा एक अर्थ झाला, आणि शाळेत तो पहिला शिकवल्यामुळे डोक्यात घट्ट बसलेला असतो.

पहिली पायरी: रन होणारं कोण आहे ते बघा

वाक्याचा कर्ता शोधा. माणूस किंवा जनावर असेल आणि पुढे दुसरं काही जोडलेलं नसेल, तर 'धावणे' घ्या. नाहीतर पुढची तीन मराठी क्रियापदं एकेक करून लावून बघा.

यंत्र, गाडी, दुकान, नाटक, कारखाना असेल तर 'चालणे'. 'द मशीन इज रनिंग', मशीन चालू आहे. 'द प्ले रॅन फॉर सिक्स मंथ्स', नाटक सहा महिने चाललं. रेल्वेच्या चौकशीत 'रनिंग लेट' दिसतं, म्हणजे गाडी उशिराने धावते आहे. इथे मराठीतही आपण 'धावते' म्हणतो हा योगायोग; 'चालते' म्हटलं तरी बिघडत नाही.

मार्ग, नदी, तार, भिंत असेल तर 'जाणे'. 'द अॅक्वा लाइन रन्स फ्रॉम लोकमान्य नगर टू प्रजापती नगर.' मेट्रोची ती मार्गिका तिथून तिथपर्यंत जाते. 'द नाग रिव्हर रन्स थ्रू द सिटी', नाग नदी शहरातून जाते. समृद्धी महामार्ग नागपुरातून निघून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर जातो, तेही इंग्रजीत 'रन्स'च. रस्ता जागचा हलत नाही हे इंग्रजांनाही ठाऊक आहे. नजर त्याच्यावरून पुढे सरकते म्हणून क्रियापद गतीचं. मराठीतही आपण 'हा रस्ता कुठं जातो?' असंच विचारतो.

द्रव पदार्थ असेल तर 'वाहणे'. नळ, नाक, डोळे. 'माय नोज इज रनिंग', नाक वाहतंय. 'यू लेफ्ट द टॅप रनिंग', नळ चालू ठेवलास.

कपड्याचा रंगही याच गटात येतो, आणि तिथे बहुतेक जण अडतात. गांधीबागेत कापडाच्या दुकानात बाई सुती साडी हातात घेते, पदराचं टोक पाण्याच्या थेंबाने ओलं करते, पांढऱ्या रुमालावर चोळते आणि विचारते, "भाऊ, रंग तं नाही ना जाणार?" हा प्रश्न इंग्रजीत 'विल द कलर रन?' असा होतो. 'विल द कलर गो?' म्हटलं तर समोरचा गोंधळेल. ओल्या कपड्यातून रंग सुटून दुसऱ्यावर उतरला तर तो 'रन' झाला, उन्हाने आणि धुण्याने हळूहळू फिका पडला तर 'फेड' झाला. ऑनलाइन माल विकत असाल तर हा फरक पक्का करा. 'कलर्स मे रन इन द फर्स्ट वॉश, वॉश सेपरेटली' असं एक वाक्य वर्णनात टाकलं, तर परत येणाऱ्या पार्सलांची कटकट कमी होते.

आता मुदत आणि काळ. करार, पॉलिसी, शिक्षा यांनाही 'रन' लागतं. कायदा शिकणाऱ्यांनी इकडे नीट लक्ष द्यावं. 'द सेंटेन्सेस शॅल रन कंकरंटली' म्हणजे दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या. 'कॉन्सेक्युटिव्हली' असेल तर एक संपल्यावर दुसरी. दोन आणि तीन वर्षांच्या शिक्षा असतील तर पहिल्या पद्धतीने तीन वर्षं, दुसऱ्या पद्धतीने पाच. मुदत कायदा १९६३ (कोर्टात दावा किती काळात लावायचा ते ठरवणारा) यातलं कलम ९ तर या शब्दावरच उभं आहे: मुदतीचा काळ एकदा 'रन' व्हायला लागला, की पुढे आलेली कोणतीही अक्षमता त्याला थांबवत नाही. मराठीत आपण म्हणतो, मुदत सुरू झाली.

दुसरी पायरी: 'रन'ला लागूनच एखादी वस्तू आली आहे का?

'आय रन' आणि 'आय रन अ शॉप' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लगेच पुढे नाम आलं की 'चालणे'चं 'चालवणे' होतं. दुकान चालवणे, शाळा चालवणे, मेस चालवणे, घर चालवणे, या सगळ्यांना 'रन' बिनधोक लावा. मुलाखतीत वडील काय करतात असं विचारलं तर 'माय फादर रन्स अ किराणा शॉप' हे सरळ, सुंदर वाक्य आहे. 'माय फादर इज हॅविंग अ शॉप' याची सवय मोडा.

पण 'चालवणे' तिथे 'रन' हा नियम दोन ठिकाणी फसतो. पहिलं, वाहन. कार चालवणं म्हणजे 'ड्राइव्ह', मोटारसायकल चालवणं म्हणजे 'राइड'. 'रन अ कार' असंही म्हणतात, पण त्याचा अर्थ गाडी बाळगणं, तिचं पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा हा सगळा खर्च झेलणं. 'आय कान्ट अफोर्ड टू रन अ कार' म्हणजे गाडी पोसणं मला परवडत नाही. असं म्हणणाऱ्याला गाडी चालवता येत नाही असा निष्कर्ष काढू नका. दुसरं, आपलं 'चालेल'. "उद्या दहाला भेटू?" "चालेल." याला 'इट विल रन' कधीही होत नाही. 'दॅट वर्क्स' किंवा 'दॅट्स फाइन' म्हणा.

आणखी काही जोड्या रोजच्या आहेत. 'रन अ टेम्परेचर' किंवा 'रन अ फीवर' म्हणजे अंगात ताप असणे; डॉक्टरांकडे लेकराला नेलं की 'ही हॅज बीन रनिंग अ फीवर सिन्स लास्ट नाइट' हे वाक्य पुरतं. 'रन अ टेस्ट' म्हणजे तपासणी करणे, मग ती रक्ताची असो की सॉफ्टवेअरची. 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणे. 'रन एरंड्स' म्हणजे घरची बारीकसारीक बाहेरची कामं करणे: दळण आणणं, बिल भरणं, झेरॉक्स काढणं. इंजिनिअरिंगची पोरं 'कोड रन कर' म्हणतातच.

वर्तमानपत्र बातमी 'रन' करतं, म्हणजे छापतं. 'द पेपर रॅन द स्टोरी ऑन पेज वन.' यावरून एक सुचवते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सुरू केलेला 'हितवाद' आपल्या शहरात रोज इंग्रजीत निघतो. त्यात ठिकाणं ओळखीची आणि घटना ओळखीच्या, त्यामुळे शब्द अडला तरी संदर्भ अडत नाही. इंग्रजी वाचनाला सुरुवात करायची तर परदेशी मजकुरापेक्षा आपल्या गावच्या बातम्या बऱ्या, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी पायरी: मागून आलेला छोटा शब्द

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'रन'च्या मागून आउट, इनटू, ओव्हर, डाउन, थ्रू, बाय, अप यांपैकी एखादा शब्द आला की दोघांचा मिळून नवाच अर्थ होतो, आणि तो सुट्या शब्दांवरून नेहमी उलगडत नाही.

'रन आउट' म्हणजे संपणे. याची दोन रूपं आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. साखर कर्ता असेल तर 'द शुगर हॅज रन आउट'. माणूस कर्ता असेल तर 'ऑफ' लागतो: 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर'. 'ऑफ' गाळून 'वुई हॅव रन आउट शुगर' म्हणता येत नाही. संपायच्या आधीची पायरी 'रन लो ऑन' किंवा 'रन शॉर्ट ऑफ', म्हणजे संपत आलंय, कमी पडतंय.

'रन इनटू' माणसाबद्दल असेल तर अचानक गाठ पडणे. 'आय रॅन इनटू माय टीचर अॅट बर्डी', बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सर भेटले. भिंत किंवा खांब असेल तर धडकणे. अडचण असेल तर अडचण येणे. आकडा असेल तर तिथवर जाणे: 'द लॉस रन्स इनटू लाख्स', नुकसान लाखांत आहे. म्हणजे 'इनटू'च्या पुढे काय आलंय ते पाहिल्याशिवाय अर्थ ठरवायचा नाही.

'रन ओव्हर' जपून वापरा. 'ही वॉज रन ओव्हर बाय अ ट्रक' म्हणजे तो ट्रकखाली आला. कार्यक्रम किंवा मीटिंग 'रॅन ओव्हर' म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा लांबली. 'आय रॅन ओव्हर माय फ्रेंड' असं लिहिलेल्याला बहुधा मित्र भेटला असं म्हणायचं असतं, पण लिहिलेलं भयंकर असतं. तिथे 'रॅन इनटू' किंवा 'रॅन अक्रॉस' हवं.

'रन डाउन' बॅटरीला लागलं तर उतरणे, माणसाला लागलं तर नावं ठेवणे. आणि 'रन-डाउन' असं विशेषण झालं तर मोडकळीला आलेलं घर किंवा थकून गेलेला माणूस. 'रन थ्रू' म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा नजर टाकणे किंवा उजळणी करणे. 'रन अप अ बिल' म्हणजे उधारी किंवा बिल वाढवून ठेवणे.

'रन बाय' ऑफिसात सारखं कानावर पडतं आणि नव्या मुलांना हमखास अडवतं. साहेब म्हणतात, 'रन इट बाय मी बिफोर यू सेंड इट.' म्हणजे पाठवण्याआधी मला एकदा दाखव, माझं मत घे. यात धावणं नाही आणि चालवणंही नाही. मराठीत 'कानावर घाल' म्हणतो, त्याच्या जवळचं आहे.

'रनअराउंड' हे नाम मात्र आपल्या अनुभवातलं आहे. 'दे गेव्ह मी द रनअराउंड' म्हणजे या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं, नुसते हेलपाटे घालायला लावले.

चौथी पायरी: 'रन' नाम झालं तर

आधी क्रिकेट, कारण नागपुरात ते सांगावं लागत नाही. १९८७ च्या विश्वचषकात सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर सुनील गावसकरांनी न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०३ 'रन' काढले. त्यांचं एकदिवसीय सामन्यांतलं ते एकमेव शतक, आणि त्याच सामन्यात चेतन शर्माची हॅट्ट्रिक. धाव, रनरेट, रनअप, रनआउट, शॉर्ट रन हे शब्द टीव्हीवरची कॉमेंट्री ऐकून पाठ झालेले आहेत. 'रनर' म्हणजे जखमी फलंदाजासाठी धावणारा. आंतरराष्ट्रीय सामन्यांत तो २०११ पासून बंद झाला.

या 'रनआउट'मुळे घरातलं 'रन आउट' बिघडतं, म्हणून दोन्ही शेजारी लिहून ठेवा. क्रिकेटात माणूस 'इज रन आउट', म्हणजे त्याला बाद केलं. दुकानात माल 'हॅज रन आउट', म्हणजे तो संपला. 'इज' की 'हॅज' एवढं नीट ऐकलं की काम होतं.

क्रिकेटबाहेर 'ट्रायल रन' आणि 'ड्राय रन' म्हणजे खऱ्या कामाआधीची चाचणी किंवा तालीम. 'रन ऑन द बँक' म्हणजे बँक बुडणार या भीतीने सगळ्यांनी एकदम पैसे काढायला गर्दी करणे. 'इन द लाँग रन' म्हणजे पुढे जाऊन, दूरचा विचार करता. 'रन-ऑफ-द-मिल' म्हणजे चारचौघांसारखं, विशेष काही नसलेलं. 'ऑन द रन' म्हणजे फरार. बाकीचे समोर येतील तसे शिका.

पाचवी पायरी: रूप बरोबर लावा

वर्तमानात 'रन', भूतकाळात 'रॅन', आणि 'हॅव' किंवा 'हॅज'नंतर पुन्हा 'रन'. 'हॅज रॅन' चूक, 'हॅज रन' बरोबर. 'डिड'नंतरही 'रन'च: 'डिड द टेस्ट रन?'

आता आपल्या भागाची खास गोष्ट. नागपूरकडे आपण 'करून राहिलो', 'चालून राहिली' असं बोलतो. "काय करून राहिला बे?" "दुकान चालवून राहिलो." ही आपल्या बोलीची ऐट आहे, तिला कोणी नावं ठेवू नयेत. फक्त ती इंग्रजीत उतरते तेव्हा प्रत्येक क्रियापदाला 'इंग' लागतो आणि अर्थ सरकतो. 'माय अंकल इज रनिंग अ हॉटेल' ऐकणाऱ्याला वाटतं की काका सध्या, तात्पुरतं हॉटेल चालवतात. कायमचा धंदा असेल तर 'माय अंकल रन्स अ हॉटेल'. तसंच वेळापत्रकाचं. 'धिस बस रन्स एव्हरी हाफ अवर' म्हणजे दर अर्ध्या तासाला असते. 'द बस इज रनिंग लेट' म्हणजे आजची, आत्ताची उशिराने येते आहे. नेहमीचं असेल तर 'रन्स', आत्ताचं असेल तर 'इज रनिंग'. बोलण्याआधी मनातल्या मनात 'रोज' हा शब्द वाक्यात घालून बघा. तो बसला तर 'रन्स'.

निवडणुकीबद्दल थोडक्यात. अमेरिकेत उमेदवार 'रन्स फॉर प्रेसिडेंट', ब्रिटनमध्ये 'स्टँड्स', आणि आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'कंटेस्ट्स'. अर्थ तिन्हींचा एकच, निवडणूक लढवणे. परीक्षेत कोणतंही लिहिलं तरी चालतं, एका उत्तरात एकच ठेवा.

वही कशी ठेवायची

अकारविल्हे यादी करू नका, ती डोक्यात राहत नाही. वहीला ठिकाणाप्रमाणे पानं पाडा: घर, दवाखाना, दुकान, ऑफिस, स्टेशन, मैदान, कोर्ट. 'रन'चं नवं वाक्य दिसलं की ज्या ठिकाणी ते कानावर पडेल त्या पानावर ते पूर्ण वाक्य लिहा आणि खाली मराठी. सुटा अर्थ लिहू नका. दवाखान्याच्या पानावर 'माय नोज इज रनिंग' आणि 'रनिंग अ फीवर' शेजारी बसले की पुढच्या वेळी दोन्ही एकदम आठवतात. कोशही मोठा घेऊ नका. विद्यार्थ्यांसाठीच्या लर्नर्स डिक्शनरीत नेहमीच्या वापराचे अर्थ आधी देतात, शिवाय प्रत्येकाला उदाहरण असतं.

एका गटाचे अर्थ फक्त ओळखण्यापुरते ठेवा, स्वतः वापरायची घाई करू नका. 'फीलिंग्ज आर रनिंग हाय' म्हणजे लोक तापलेत. 'इट रन्स इन द फॅमिली' म्हणजे घराण्यातच आहे. 'द वेल रॅन ड्राय', विहीर आटली. वाचताना कळले की पुरे.

आता एक मेल सोडवून बघा

ऑफिसातून असा मेल आला असं समजा. 'हाय टीम, वुई आर रनिंग टू डेज लेट. द टेस्ट्स रॅन फाइन लास्ट नाइट, बट वुई रॅन इनटू अ प्रॉब्लेम धिस मॉर्निंग. लेट्स डू अ ड्राय रन बिफोर द क्लायंट कॉल. प्लीज रन एनी चेंजेस बाय मी फर्स्ट. वुई मस्ट नॉट रन आउट ऑफ टाइम.'

पायऱ्या लावा. 'रनिंग लेट', पहिली पायरी: काम दोन दिवस मागे आहे. 'टेस्ट्स रॅन फाइन', कर्ता यंत्राच्या जातीचा: काल रात्री चाचण्या नीट चालल्या. 'रॅन इनटू' आणि पुढे अडचण: आज सकाळी एक अडचण आली. 'ड्राय रन', नाम: ग्राहकाशी बोलण्याआधी आपसांत एकदा तालीम करू. 'रन बाय मी': काही बदल केले तर आधी मला दाखवा. 'रन आउट ऑफ', माणसं कर्ता म्हणून 'ऑफ' आला: वेळ संपून चालणार नाही.

उत्तर दोन ओळींचं पुरे. 'शुअर. आय विल रन द चेंजेस बाय यू बाय फोर पीएम.' यातला पहिला 'बाय' 'रन'ला जोडलेला आहे, तुम्हाला दाखवेन असं सांगणारा. दुसरा वेळेचा, चार वाजेपर्यंत. दोन्ही लागतात, त्यामुळे लिहिताना एक चुकून जास्तीचा वाटला तरी खोडू नका.